सव्वीस पुड्या

शाळा

बाईंना पहिली शिंक आली तेव्हा दौलतला वाटलं, सर्दी असेल. दुसरी आली तेव्हा त्याने आपल्या बाह्यांकडे बघितलं. तिसरीला तो बाकावरून उठला आणि वर्गाच्या दाराशी जाऊन उभा राहिला. एप्रिलचा शेवट, लालबागमध्ये मसाल्याचा हंगाम ऐन भरात, आणि तो मसाला कुटायच्या डंकावरून तसाच उठून आलेला. मिरचीची धूळ शर्टात, केसांत, भुवयांत.

बाईंनी रुमाल नाकाला लावला, माफी मागितल्यासारखा हात केला. मग सगळं बोलणं वर्गाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मोठ्याने झालं. पॅसेजमध्ये निकालाला आलेले दुसरे पालक उभे होते. त्यांनीही ऐकलं.

तुमची दर्शना हुशार आहे, बाई म्हणाल्या. तोंडी हिशेब पटापट करते. गाणी सगळी पाठ. पण पहिलीचं वर्ष संपलं तरी तिला वाचता येत नाही. पुस्तक समोर धरते आणि कानावर पडलेलं घडाघडा म्हणते. एकदा मुद्दाम पुस्तक उलटं करून दिलं, तरी तेच म्हणाली, तितक्याच ठसक्यात.

नापास कोणी करत नाही आता, बाई म्हणाल्या. पण अशीच दुसरीत ढकलली तर पुढे ओझंच वाढेल. आणखी एक वर्ष पहिलीत बसू दे. तुमची सही लागेल.

दौलत दाराच्या चौकटीला टेकला. "मी बसलोय बाई," तो म्हणाला.

"कुठे?"

"दुसरीत. दोनदा. गावाला, कणकवलीकडे. सगळ्यांपेक्षा उंच होतो. पोरं मला मामा म्हणायची. मास्तर पण."

बाईंनी सहीचा कागद परत फाइलीत घातला. मग म्हणाल्या, सही आत्ता नको. जूनच्या पहिल्या आठवड्यात घेऊन या तिला. मी कधी न बघितलेलं पुस्तक देईन. चार ओळी तिने स्वतः वाचल्या तर दुसरीत बसवू.

हात

डंक म्हणजे चार लोखंडी मुसळं. मोटार लागली की एकामागून एक उठतात आणि खालच्या उखळांत पडतात. दौलतचं काम उखळाशी बसून मसाला खालीवर करायचा, मुसळ वर गेलं की हात घालायचा, ते खाली यायच्या आत काढायचा. सकाळी साडेआठला बसला की रात्री आठपर्यंत. तोंडाला ओला पंचा. चौदा वर्षं हेच, दहाही बोटं शाबूत. मालक अप्पा नव्या माणसाला आधी त्याची बोटं दाखवायचे.

पण त्या बोटांनी घरात कशाला हात लावायची सोय नव्हती. मिरची नखांत जाते आणि तिथेच राहते. खोबरेल लाव, ताक लाव, पिठाने चोळ, जात नाही. दर्शना दोन वर्षांची असताना त्याने तिचं तोंड पुसलं होतं. ती तासभर किंचाळत होती आणि बायको दुर्गा तिच्या डोळ्यांवर पाणी मारत होती. तेव्हापासून मार्च ते मे तो मुलीला हात लावत नसे. ती त्याच्या पाठीला पाठ लावून बसायची, तेवढंच.

म्हणून अभ्यास सकाळी साडेसहाला, गॅलरीत. त्या वेळी हात त्यातल्या त्यात निवलेले असत. दर्शना पुस्तक धरी, पान तीच उलटवी. दौलत हातभर लांब बसे आणि खराट्यातली एक हीर काढून तिच्या टोकाने अक्षर दाखवी. शेजारी ब्रश करत उभे राहून बघत.

"हे काय गो?"

"कमळ."

"चित्र नाय. हे अक्षर."

"कमळच."

"आणि हे?"

"ते कमळाचंच आहे ना, पप्पा."

आठ दिवस असे गेले. तिला सगळं पुस्तक येत होतं आणि त्यातलं काहीच येत नव्हतं. तो चिडायचा नाही. चिडायला त्याला स्वतःचं वाचन तेवढं पक्कं वाटत नव्हतं. जोडाक्षर आलं की तोही दोनदा बघायचा.

पुड्या

मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी ॲन्टोनेटबाई आल्या. गिरगावच्या वाडीतल्या. दरवर्षी येतात. त्यांच्या घरचा मसाला बाटलीत भरून वर्षभर पुरवतात, म्हणून डंकावर त्याला बाटलीचा मसालाच म्हणतात. त्याला जिन्नस सव्वीस लागतात. प्रमाण त्या कोणाला सांगत नाहीत. घरूनच भाजून, मोजून, प्रत्येक जिनसाची वेगळी पुडी बांधून आणतात, पुडीवर पेनाने ठळक मराठीत नाव लिहितात आणि उखळासमोर खुर्ची टाकून शेवटपर्यंत बसतात. दौलतने पुडी उचलायची, नाव वाचायचं, नाकाला लावून खात्री करायची, मग त्यांनी मान हलवली की ओतायची.

त्या दिवशी सव्वीस पुड्या रिकाम्या झाल्यावर कागदांचा ढीग पायाशी पडला. दौलतने तो केराच्या टोपलीकडे सारला आणि थांबला. मोठं, स्वच्छ अक्षर. एका कागदावर एकच शब्द. चित्र नाही.

त्याने विचारलं, हे नेऊ का. ॲन्टोनेटबाईंनी कशाला विचारलं तेव्हा त्याने सांगितलं. त्या म्हणाल्या, ने की. वर म्हणाल्या, माझ्या स्टीव्हला पण फार उशिरा आलं वाचायला. आता बँकेत आहे, दिवसभर वाचतोच.

वाचते

पहिल्या सकाळी पाच शब्द. धणे, जिरे, बडीशेप, लवंग, हळद.

दौलतने एकेक कागद उचलून नाव सांगितलं होतं, दोनदाच. मग कागद उलटसुलट करून तिच्या हातात दिले. तिने एकेक तोंडाजवळ धरला आणि बरोबर नाव सांगितलं. पाचही.

दुसऱ्या दिवशी अकरा. चौथ्या दिवशी एकोणीस. दगडफूल ती झटक्यात वाचायची. नाकेशर, तिरफळ, जायपत्री, कबाबचिनी, जे दुर्गालाही अडखळत वाचावं लागलं, ते सगळं. दौलत हीर खाली ठेवून नुसता ऐकत बसायचा. मुलगी कागद चेहऱ्याजवळ नेऊन डोळे बारीक करायची, आणि तो दुर्गाला म्हणाला, चष्मा लागणार बहुतेक हिला.

एक गोष्ट मात्र त्याला कळेना. गहू तिला यायचा नाही. तीळ नाही. चणाडाळ नाही. त्या कागदांना ती काहीही म्हणायची. कधी हळद, कधी "हे पुसलंय". कबाबचिनी वाचणारी मुलगी दोन अक्षरांच्या तिळाला अडते, हे काय? त्याने ठरवलं, सोपं आहे म्हणून लक्ष देत नसेल. शाळेत तोही सोप्यालाच चुकायचा.

डंकावर त्याने सांगून टाकलं. अप्पांना सांगितलं, शेजारच्या उखळावरच्या धनेशला सांगितलं, मालवणी मसाला घेऊन आलेल्या दोन अनोळखी बायकांना सांगितलं. मुसळांच्या आवाजात ओरडून सांगावं लागत होतं, ते त्याला बरंच वाटलं.

कोरा कागद

रविवारी दुपारी दर्शना त्याचा डबा घेऊन आली. नेमक्या तेव्हाच ॲन्टोनेटबाई बहिणीचा मसाला घेऊन आलेल्या. मोटार जेवणासाठी बंद होती. डंकासमोर वीसेक बायका आपापल्या पिशव्यांवर बसून होत्या.

हीच का ती, असं ॲन्टोनेटबाईंनी विचारलं. दौलतने पंचा तोंडावरून खाली ओढला आणि हो म्हणाला. धनेश म्हणाला, वाचून दाखव की गं काहीतरी, तुझा बाप आठवडाभर आमचे कान खातोय.

ॲन्टोनेटबाईंनी पर्समधून डायरी काढली, एक पान फाडलं, गुडघ्यावर ठेवून त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, धणे, आणि पान दर्शनाला दिलं. बायका माना वर करून बघायला लागल्या.

दर्शनाने पान घेतलं. चेहऱ्याजवळ नेलं. डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला. मग पान उलटं केलं आणि मागच्या बाजूचा वास घेतला.

"ह्याच्यावर काय नाही लिहिलेलं," ती म्हणाली.

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग आधी धनेशला कळलं. तो हसत हसत पोत्यावर आडवा झाला आणि म्हणाला, "अप्पा, हिला ठेवून घ्या. भेसळ लगेच वाचेल." बायका हसल्या. अप्पाही हसले, वाईट हेतूने नव्हे. हसणंच तसं होतं, कोणाला आवरेना. ॲन्टोनेटबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी पान परत घेतलं, चार घड्या केल्या आणि पर्समध्ये टाकलं, जणू चूक त्यांचीच.

दर्शना बापाकडे बघत होती. ती हसणाऱ्यांबरोबर थोडी हसलीही. काय चुकलं ते तिला कळलं नव्हतं.

दौलतने पंचा परत तोंडावर चढवला आणि जेवायच्या आधीच मोटार चालू केली.

दुर्गा

दुर्गा परळला पोळीभाजी केंद्रात दिवसाला चारशे पोळ्या लाटते. संध्याकाळी तिचे खांदे कानांपर्यंत चढलेले असतात. दौलतने घरी येऊन सांगितलं तेव्हा ती भिंतीला पाठ लावून बसली होती. ऐकता ऐकता तिने तोंडावर पदर घेतला. त्याला वाटलं, रडते. ती हसत होती.

"तू पण हस," तो म्हणाला.

पोरीने फसवलं, असं तो म्हणत होता. आठ दिवस फसवलं. सगळ्यांसमोर तोंडघशी पाडलं. आता ती सही करून मोकळं होऊ या.

दुर्गाने डोळे पुसले. मग तिने कोपऱ्यातला कागदांचा गठ्ठा ओढला, वरचा कागद त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, वाचा.

"काय?"

"वाचा ना. मी सांगते म्हणून."

त्याने कागद घेतला. नाकाला लावला. "शहाजिरे," तो म्हणाला, आणि कागद नाकाशीच राहिला.

"तिने काय केलं मग दुसरं?" दुर्गा म्हणाली. "बाप कागद उचलतो, हुंगतो, नाव सांगतो. तिला वाटलं, ह्यालाच वाचणं म्हणतात. जशी तुम्ही शिकवलीत तशी शिकली. फसवलं कोणी?"

दौलतने कागद खाली ठेवला. गहू, तीळ, चणाडाळ. वास नसलेले जिन्नस. त्याला एकेक आठवलं. मग तोही हसला, पण हसू यायला वेळ लागला. दर्शना मोरीच्या उंबऱ्यावर बसून पाय धूत होती. तिने विचारलं, आता का हसताय?

हिंग

कागद धुतले तर शाई जाईल. उन्हात टाकले तर वास जाईल, पण किती दिवसांनी? दोन दिवस गॅलरीच्या दोरीवर चिमटे लावून टांगले. सगळा मजला मसालेभातासारखा घमघमला. दर्शना दोरीखालून जाताना वर न बघता म्हणत गेली, लवंग, जायफळ, नाकेशर.

तेव्हा दुर्गाने हिंगाचा डबा काढला. केंद्रातून आणलेला खडा हिंग, झाकण उघडलं की शेजारी खिडकी लावून घेतात असा. तिने सव्वीसच्या सव्वीस कागद त्यात कोंबले आणि झाकण दोन दिवस लावून ठेवलं.

तिसऱ्या सकाळी साडेसहाला दौलतने कागद पसरले. हात मागे बांधले. नाकाला काही लावायचं नाही, हे त्याने स्वतःला दहादा बजावलं होतं.

दर्शनाने पहिला उचलला. "हिंग." दुसरा. "हिंग." तिसरा उचलून ती रागावली. "पप्पा, सगळ्यांवर हिंगच लिहिलंय."

"नाकाने नाय. डोळ्यांनी."

"डोळ्यांनी वास येत नाय."

"वास घ्यायचा नाय. बघायचं."

"बघितलं."

"काय दिसलं?"

"रेघा."

ती रडली. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, आणि तिसऱ्या दिवशी रडायचा कंटाळा आला म्हणून नुसती गॅलरीच्या कठड्यातून पाय खाली सोडून बसली. तिला मिळालेलं काहीतरी त्यांनी काढून घेतलं होतं. दौलतला ते कळत होतं. तो हातभर लांब बसून राही. साडेसात झाले की उठून आंघोळ करी आणि डंकावर जाई. लग्नसराईचे मसाले संपत नव्हते. दुपारच्या उन्हात पत्रा तापला की मिरचीची धूळ वर न जाता खालीच घोटाळायची. डोळे दिवसभर गळत. धनेश विचारायचा, काय दौल्या, आज काय वाचलं नाकाने? दौलत म्हणायचा, हिंग.

धनेश दोन दिवसांनी विचारायचा थांबला.

रे

चौथ्या की पाचव्या सकाळी दर्शनाने दोन कागद एकमेकांशेजारी ठेवले. बराच वेळ बघत होती. दौलतने हीर उचलली नाही.

"ह्या दोघांचं शेपूट एकच आहे," ती म्हणाली.

त्याने मान लांब करून बघितलं. एक जिरे, एक मिरे.

"हो," तो म्हणाला. "ते रे आहे."

"कोणाचं?"

"दोघांचं. हे जिरे. हे मिरे."

तिने एक कागद नाकाशी नेला, आठवण झाली, खाली घेतला. "पण जिऱ्याचा वास वेगळा आणि मिऱ्याचा वेगळा. मग रे एकच कसा?"

दौलत चौदा वर्षं दोन्ही कुटत होता, पण असं कधी मनात आलं नव्हतं. "अक्षराला वास नसतो गो," तो शेवटी म्हणाला. "ते कुठेपण जातं. आज जिऱ्यात, उद्या मिऱ्यात."

"माझ्यात आहे?"

"तुझ्यात नाय."

"तुझ्यात?"

"नाय."

"अरेरे," ती म्हणाली, आणि स्वतःच दचकली. "पप्पा, अरेरेमध्ये आहे. दोनदा."

त्या सकाळी त्याला डंकावर पोहोचायला पाऊण तास उशीर झाला. पुड्यांमध्ये रे शोधता शोधता तिला शहाजिरे सापडलं. त्याच्या पोटात अख्खं जिरे बसलेलं बघून ती शेजारच्या खोलीत जाऊन ते सांगून आली. मग पुढचं. तीळ आणि तिरफळ, दोघांची सुरुवात जवळजवळ सारखी, पण एकाची वेलांटी इकडे, एकाची तिकडे. हळद आणि चणाडाळ यांच्यात ळ. बडीशेपमध्ये ड, दगडफूलमध्येही ड. अडत अडत, एका दिवशी दोन पुढे आणि एक मागे. कधी सगळं विसरून परत हिंग. गहू तिने सर्वांत शेवटी वाचला. वाचून झाल्यावर कागदाकडे असं बघितलं, जणू तो मुद्दाम लपून बसला होता.

दुर्गा पोळ्यांवरून येऊन खांदे शेकताना म्हणायची, आता पुस्तक घ्या, मसाला पुरे. पुस्तक घेतलं. कमळ परत आलं. दर्शना चित्रावर हात ठेवून झाकायला स्वतःच शिकली.

जून

हंगाम उतरला होता. डंकावर दिवसाला तीनचार पिशव्या. दौलतने अप्पांकडे तासभर सुट्टी मागितली, आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून, नखं काढून शाळेत गेला. दर्शनाचा हात त्याने चाळीच्या जिन्यातच धरला. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि हात सोडवून घेतला नाही.

शाळा अजून उघडली नव्हती. बाकं एकावर एक रचलेली, फरशी ओली. बाईंनी दोन बाकं खाली घेतली. एकावर दौलत बसला, एकावर त्या आणि दर्शना. बाईंनी कपाटातून एक पातळ पुस्तक काढलं, मधलं पान उघडलं. वर विहिरीचं चित्र होतं. विहिरीत मोठा लाल मासा.

दर्शनाने बोट पहिल्या शब्दाखाली ठेवलं.

"ए... का. एका. वि... हि... विहिरीत. एक..."

ती चित्राकडे बघून पटकन म्हणाली, "मासा."

दौलतच्या ओठांवर शब्द आला होता. तो त्याने दातांत धरला. पंखा फिरत होता.

दर्शना पुढे गेली नाही. बोट तिथेच होतं. ते थोडं मागे आलं.

"नाही," ती म्हणाली. "मासा नाही. मासा चित्रात आहे. इथे... बे... डू... क. बेडूक."

बाईंनी मान वर करून दौलतकडे बघितलं. तो फरशीकडे बघत होता.

दुसरी ओळ सावकाश गेली. तिसरीत एक शब्द तिने तीन वेळा फोडून बघितला आणि चौथ्यांदा जोडला. चौथ्या ओळीत बेडूक वर बघतो आणि त्याला आकाशाचा एवढासा तुकडा दिसतो, इथे पान संपलं. सगळं मिळून सहासात मिनिटं लागली असतील.

बाई म्हणाल्या, झालं, दुसरीत बसू दे तिला. सावकाश वाचते अजून. रोज वाचून घ्या. आणि दौलतला, चहा घेणार का. मग पुस्तक कपाटात ठेवायला त्यांनी हात पुढे केला.

दर्शनाने पुस्तक सोडलं नाही.

"बाई, त्याला बाहेर काढलं का कोणी?"

"ते पुढच्या पानावर आहे," बाई म्हणाल्या. "शाळा उघडली की वाच."

दर्शना पुस्तक धरूनच राहिली. ओढत नव्हती, सोडतही नव्हती. खिशात दौलतचा फोन थरथरला. अप्पा असणार, तास कधीच होऊन गेला होता. त्याने खिशात हात घालून तो बंद केला.

बाईंनी हात मागे घेतला आणि परत बसल्या. दर्शनाने पान उलटलं. या पानावर चित्र नव्हतं.

"व... रून. वरून. ए... क. बा... द... ली. बादली." तिने श्वास घेतला. "आली. वरून एक बादली आली. बे... बेडकाने. बादली... कडे. पा... पाहिले."

बोट पुढच्या ओळीखाली गेलं. तिथे एक लांब शब्द होता, आणि ती त्याच्याकडे बघत थांबली.

पुढे काय होतं ते दौलतलाही माहीत नव्हतं. तो बाकाच्या कडेवर सरकून बसला.